शिपस्टर्न ब्लफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टास्मानियातल्या शिपस्टर्न ब्लफ या सर्फिंगच्या लाटेचा एखादा व्हिडिओ फिरला की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न बहुतेक लाटेच्या उंचीबद्दल असतात. उत्तरांत मात्र थंडी, अंतर आणि परतीची वाट यांनीच जास्त जागा घेतली आहे, आणि ती उगाच घेतलेली नाही.

१. ही लाट नक्की कुठे आहे? तिथे गाडी जाते का?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात, आग्नेय टोकाला टास्मन द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, केप राऊलच्या जवळ शिपस्टर्न ब्लफचा कडा समुद्रात घुसलेला आहे. जुनं नाव डेव्हिल्स पॉइंट. सर्फर लोक नुसतं ‘शिपीज’ म्हणतात. दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीनच नाही, त्यामुळे स्वेल (दूरच्या वादळांतून येणाऱ्या लाटा) अडत नाही.

गाडी पाण्यापर्यंत जात नाही. होबार्टहून साधारण दीड तास गाडी चालवली की स्टॉर्मली रोड संपतो. तिथून सुमारे दोन तास पायवाट, शेवटचा उतार चांगलाच तीव्र. बोर्ड, ओला वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि पाणी पाठीवर घेऊन तोच उतार संध्याकाळी चढायचा असतो. दुसरा मार्ग बोटीचा किंवा जेट स्कीचा, नुबीनाच्या बाजूने वळसा घालून. सगळा भाग टास्मन नॅशनल पार्कमध्ये येतो, तेव्हा पार्कचा पास लागतो.

२. लाटेच्या पोटात पायऱ्या दिसतात. तो कॅमेऱ्याचा खेळ आहे का?

नाही, पायऱ्या खऱ्याच असतात. खोल समुद्रातून आलेल्या लाटेसमोर इथे एकदम उथळ खडक येतो. उतरत्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट हळूहळू मंदावते, हळूहळू उभी राहते. इथे तिला तेवढा वेळ मिळत नाही. लाटेच्या पायाला ब्रेक लागतो, वरचं पाणी त्याच वेगाने पुढे झेपावतं आणि लाट उंचीपेक्षा जाडीला वाढते. शिवाय खडक सपाट नाही, त्याला कंगोरे आहेत. प्रत्येक कंगोऱ्यावरून जाताना लाटेच्या तळाशी नवीन कडा तयार होते. तीच पायरी.

सर्फरच्या बाजूने पाहिलं तर असं घडतं: ड्रॉप घेतला (लाटेच्या उतारावरून खाली झेप घेतली), बोर्ड स्थिरावला, आणि पायाखालचं पाणी अचानक अर्धा-एक मीटर खाली गेलं. बोर्ड हवेत. खाली उतरताना गुडघे वाकवून धक्का सोसायचा आणि त्याच क्षणी बोर्डची कडही पाण्यात धरायची, कारण डोक्यावर लिप, म्हणजे लाटेचा कोसळणारा माथा, निघालेली असते. पायरी कुठे येईल हे लाट येईपर्यंत कळत नाही. दोन लाटांच्या पायऱ्या एका जागी येतीलच असं नाही. बाकीच्या जड लाटांवर मुरलेले लोक इथे आपटतात ते याच कारणाने.

३. ही लाट पहिल्यांदा कोणी सर्फ केली?

लोकांपर्यंत गोष्ट पोहोचली ती अँडी कॅम्पबेल या टास्मानियन सर्फरमुळे. १९९७ च्या सुमारास तो इथे एकट्याने जात असे. २००१ मध्ये त्याने कीरन पेरो, मार्क मॅथ्यूज आणि ड्रू कोर्टनी यांना इथे आणलं, फोटो छापून आले आणि गुपित संपलं. पुढे मार्टी पॅराडिसिससारख्या स्थानिकांनी या लाटेवर उभं आयुष्य घातलं. २०१९ मध्ये रेड बुल केप फिअर ही निमंत्रितांची स्पर्धाही इथे झाली.

कॅम्पबेल एकटा जायचा, हे वाचून कोणी एकटं जाऊ नये. प्रश्न १२ वाचा, मग ठरवा.

४. सीझन कोणता?

दक्षिण गोलार्धातला शरद आणि हिवाळा, म्हणजे ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर. भूगोलाच्या पुस्तकातले ‘गरजणारे चाळीस’ वारे याच अक्षांशांवर वाहतात आणि हिवाळ्यात वादळांची रांग लागते. बाकीच्या महिन्यांतही लाट फुटते, पण भरवसा कमी.

हिवाळ्याची एक अडचण लोक धरतच नाहीत. जूनमध्ये इथे उजेड जेमतेम नऊ तास असतो आणि साडेचार-पाचला अंधार पडतो. दुपारी तीनला कोणाचा खांदा निखळला, तर पुढचं सगळं काळोखात होतं.

५. फोरकास्टमध्ये नेमकं काय बघायचं? माझ्या ॲपवर तीन मीटर दिसतंय, एवढंच ना?

तीन मीटर या आकड्यावरून अर्धंच कळतं. पिरियड बघा, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि पिरियडच्या प्रमाणात वाढते. तीन मीटर दहा सेकंदांपेक्षा तीन मीटर सोळा सेकंदांत दीडपटीहून जास्त शक्ती असते. सोळा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी सुमारे ४०० मीटर. तिला २०० मीटर खोलीवरच तळ जाणवू लागतो, त्यामुळे ती खडकाच्या आकाराप्रमाणे वळते आणि एका जागी गोळा होते.

स्वेलची दिशा नैर्ऋत्य ते दक्षिण हवी आणि वारा उत्तरेकडचा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. इथेच घोळ होतो. स्वेल घेऊन येणाऱ्या थंड आघाडीच्या पुढे वायव्येचा वारा असतो, ती पुढे सरकली की वारा फिरून नैर्ऋत्येचा होतो आणि सगळं विस्कटतं. चांगली वेळ बऱ्याचदा दोन-चार तासांचीच असते, आणि तुम्ही बोर्ड घेऊन चालत असताना ती संपूही शकते.

पश्चिम किनाऱ्यावर केप सोरेलजवळ लाटा मोजणारा बोया आहे. पश्चिमेकडून येणारा स्वेल आधी तिथे नोंदवला जातो आणि काही तासांनी इकडे पोहोचतो. फोरकास्ट म्हणजे अंदाज, बोया म्हणजे घडलेली गोष्ट. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर बोयाचं ऐका. भरती-ओहोटीचा फरक या भागात फार नसतो, साधारण एक मीटरच्या आसपास. पण उथळ खडकावर तेवढ्यानेही लाटेचा स्वभाव बदलतो.

६. मी तीन-चार वर्षं सर्फ करतोय, जिममध्येही जातो. मला जमेल का?

एवढ्यावर नाही. जिमचा इथे फारसा उपयोग नाही.

त्याऐवजी स्वतःला हे विचारा: उथळ खडकावरच्या पोकळ, जड लाटांवर नियमित जाता का? पडल्यावर लाटेखाली दोनदा दाबले गेला आहात का, आणि त्यानंतर डोकं शांत राहिलं होतं का? जाड वेटसूट, बूट आणि फुगणारं व्हेस्ट घालून पॅडल (हातांनी पाणी कापत जाणं) आणि पॉप-अप (बोर्डवर झटक्यात उभं राहणं) केला आहे का? दुसऱ्या कोणाला पाण्यातून ओढून स्लेडवर (जेट स्कीमागे बांधलेल्या तरंगत्या गादीवर) घेतलं आहे का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला दुसऱ्याला वाचवता येत नाही, तो इथे फक्त वाचवला जाणारा माणूस म्हणून येतो, आणि तशा माणसांसाठी जागा नसते.

७. पॅडल करून जायचं की टो-इन?

लहान दिवसांत पॅडल करणारे असतात, खडकावरून उडी मारून पाण्यात शिरतात. लाट मोठी झाली की ती इतक्या वेगाने येते आणि इतक्या उशिरा उभी राहते की हाताने तिचा वेग गाठता येत नाही. तेव्हा जेट स्कीने ओढून लाटेवर सोडावं लागतं.

स्कीमुळे धोका कमी होतो हा समज अर्धवट आहे. स्कीमुळे माणूस अशा लाटेवर पोहोचतो जिथे तो स्वतःच्या ताकदीने कधीच पोहोचला नसता. पॅडल करणाऱ्याला लाट आधीच गाळून टाकते. टो करणाऱ्याच्या बाबतीत ती गाळणी नसते. दोर सोडायचा की नाही हे त्यालाच ठरवावं लागतं.

८. पाणी किती थंड असतं आणि कोणता वेटसूट लागतो?

हिवाळ्यात साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस, उन्हाळ्याच्या शेवटी १६ ते १८ पर्यंत. हिवाळ्यात ४/३ किंवा ५/४ मिलिमीटरचा सूट (पहिला आकडा धडाच्या जाडीचा, दुसरा हातापायांच्या), बूट आणि हूड घ्या. ग्लोव्हजबद्दल एकमत नाही. ते घातले तर हात उबदार राहतात, पण व्हेस्ट फुगवायची दोरी किंवा लीशची (बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीची) पिन बोटांना नीट लागत नाही. घालायचेच असतील तर घरी, ग्लोव्हज घालून, डोळे मिटून ती दोरी शोधण्याचा सराव करा.

सूट अंगाला घट्ट हवा. मानेतून पाणी आत-बाहेर होत असेल तर मिलिमीटर कितीही असोत, फायदा नाही. आणि स्कीवर बसून वाट बघताना पाण्यापेक्षा वारा जास्त गारठवतो. सूटवर घालायला वारा अडवणारं जॅकेट बोटीत ठेवा.

९. वेटसूट असताना थंडीने असा काय फरक पडतो?

थंडीचे टप्पे असतात, आणि लोकांना फक्त शेवटचा माहीत असतो.

पहिला टप्पा पाण्यात पडल्याबरोबर येतो. चेहऱ्याला, मानेला गार पाणी लागलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि श्वास भराभर चालू लागतो. हा झटका पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात जोरात असतो, मग ओसरतो. नेमका तेव्हा माणूस लाटेखाली असेल तर पाणी आत जातं. वेटसूट आणि हूडमुळे झटका सौम्य होतो, नाहीसा होत नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीला मुद्दाम पाण्यात उतरा, चेहरा बुडवा, श्वास ताब्यात येऊ द्या, मगच दोर हातात घ्या. कोरड्या अंगाने थेट पहिल्या लाटेवर जाणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

दुसरा टप्पा हातापायांचा. शरीर पोटातली ऊब राखण्यासाठी हातापायांचं रक्त आखडतं. बोटं आधी जाड वाटतात, मग ऐकत नाहीत. तासाभराने स्कीवर बसलेल्या माणसाला व्हेस्टची चेन लावायला सांगा: तो चेन पकडतो, ती निसटते, पुन्हा पकडतो, आणि शेवटी दातांनी ओढतो. याच बोटांनी त्याला दोर धरायचा असतो. इथे सत्र थांबवायचं.

तिसरा टप्पा हायपोथर्मिया, तो बराच उशिरा येतो. बोलणं अडखळू लागलं, साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागू लागला, किंवा मघापासून कुडकुडणारा माणूस गार अंगानेच थरथरायचा थांबला, तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे.

१०. पडल्यावर किती वेळ पाण्याखाली राहावं लागतं? श्वास रोखायचा सराव कसा करू?

बहुतेक वेळा दहा ते वीस सेकंद. ऐकायला कमी वाटतं. पण दम लागलेला असताना, कोलांट्या खात, वर कुठे आणि खाली कुठे हे न कळता काढलेले वीस सेकंद आणि सोफ्यावर बसून मोजलेले वीस सेकंद यांचा काही संबंध नाही. सोळा सेकंदांच्या स्वेलमध्ये पहिल्या लाटेने दाबून ठेवलं आणि वर येण्याआधी दुसरी पोहोचली, तर हिशोब अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातो. थंड पाण्यात श्वास रोखण्याची क्षमता कोमट पाण्यापेक्षा कमी होते, हेही धरा.

सराव प्रशिक्षकाबरोबर करा आणि पाण्यातला सराव कधीही एकट्याने नको, पूलमध्येसुद्धा नको. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणं सगळ्यांत घातक. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस न कळत बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे असेच गेले आहेत.

११. फुगणारं व्हेस्ट घातलं की बुडण्याची भीती नाही ना?

आहे. व्हेस्ट तुम्हाला वर आणतं, पण तोंड वर ठेवेलच याची हमी देत नाही. बेशुद्ध माणूस फुगलेल्या व्हेस्टमध्येही पालथा तरंगू शकतो. लिपचा मार आणि खडक यांपासून ते फारसं वाचवत नाही. दोरी ओढायला शुद्ध आणि चालणारी बोटं लागतात (प्रश्न ९). उथळ जागी लवकर फुगवलं तर पुढची लाट तुम्हाला पृष्ठभागावरून उचलून थेट खडकाकडे नेते, तेव्हा खाली बुडी मारण्याचा मार्गही बंद झालेला असतो.

या व्हेस्टचा प्रसार झाला तो २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्स या मोठ्या लाटेवर सर्फर शेन डोरियन बुडता बुडता वाचला त्यानंतर. आता ते सगळेच घालतात, आणि घालायलाच हवं. विमानाने येणाऱ्यांसाठी: व्हेस्ट फुगवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या कार्ट्रिजला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ती लेखी घ्या.

१२. कोणी जखमी झालं तर मदत किती वेळात येते?

तासांच्या हिशोबात विचार करा. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. हेलिकॉप्टर येऊ शकतं, पण ते मोकळं असावं लागतं, हवा उडण्याजोगी असावी लागते आणि त्या कड्याखाली माणूस उचलण्याजोगा असावा लागतो. मोठं हॉस्पिटल होबार्टला. म्हणजे पहिला तास तुमच्याच लोकांचा.

त्यासाठी बोटीत व्हीएचएफ रेडिओ, नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र), टूर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा), दाबपट्ट्या, मानेचा आधार, कोरडे कपडे आणि जाड ब्लँकेट हवं. आणीबाणीचा फोन ०००, रेडिओवर चॅनल १६. कोणी फोन करायचा, कोणी स्की चालवायची, कोणी माणूस धरायचा, हे सकाळी जमिनीवर ठरवा. हे ठरवायला जमत नसेल तर त्या दिवशी कोणीच पाण्यात उतरू नये. माझं यात दुमत नाही.

पालथा पडलेला माणूस दिसला तर आधी तोंड पाण्याबाहेर. मानेच्या दुखापतीची काळजी हवीच, पण श्वास त्याच्या आधी. हातापायातून उसळून रक्त येत असेल तर टूर्निके बांधा, बांधल्याची वेळ लिहा आणि सैल करू नका.

१३. वर काढल्यावर माणूस बरा दिसतोय, बोलतोय. परत पाण्यात जाऊ दे का?

नाही. पाणी छातीत गेलं असेल तर त्रास काही तासांनीही वाढू शकतो. खोकला थांबत नाही, श्वास अपुरा पडतो, झोप येते, यातलं काहीही दिसलं तर हॉस्पिटल. डोक्याला मार बसून क्षणभरही शुद्ध गेली असेल तर दिवस संपला, मग तो कितीही हट्ट करो.

फार गारठलेल्या माणसाला आडवं ठेवा. उभं करून चालवलं किंवा बाहेर ओढताना ताठ उभं धरलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ओले कपडे काढा, अंग झाका, वारा अडवा. हातपाय चोळू नका, कडकडीत पाण्याखाली उभं करू नका, दारू तर अजिबात नको. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम आणि गोड काहीतरी द्या.

१४. लीश बांधायची की नाही?

पॅडल करत असाल तर बांधा, पिन ओढताच सुटणारी. टो-इनला बरेच जण बांधत नाहीत. पाय पट्ट्यांमध्ये असतात, उचलायला स्की असते, आणि लीशने बांधलेला बोर्ड खडकाच्या फटीत अडकला तर तो तुम्हाला खाली धरून ठेवतो.

१५. स्की चालवायला परवाना लागतो का? ती मधेच बंद पडली तर?

लागतो. टास्मानियात मोटर बोटीचा परवाना आणि त्यावर जेट स्कीची वेगळी नोंद हवी, आणि लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. नियम ‘मरीन अँड सेफ्टी टास्मानिया’च्या अखत्यारीत येतात. दुसऱ्या राज्यातला किंवा देशातला परवाना चालेल का, हे निघण्याआधी त्यांनाच विचारा.

बंद पडण्याचं नेहमीचं कारण इंजिन नसतं, टोचा दोर असतो. सर्फरने दोर सोडला, तो मागे सैल तरंगतोय, चालकाने मित्राकडे बघत गर्रकन वळण घेतलं, आणि दोर इनटेकमध्ये, म्हणजे स्कीच्या पाणी ओढणाऱ्या तोंडात गेला. स्की जागच्या जागी मेली, तीही लाट फुटते त्याच पट्ट्यात. म्हणून वळण्याआधी दोर आत ओढायचा, दोर कापायची सुरी हाताशी ठेवायची, आणि दुसरी स्की पाण्यात असल्याशिवाय पहिलीने टो सुरू करायचा नाही.

१६. शार्क?

आहेत. आसपासच्या खडकांवर फर सील असतात आणि या पाण्यात ग्रेट व्हाइटही असतो. तरी इथे माणसं जखमी होतात ती खडकामुळे आणि लाटेमुळे. सील अचानक घाबरून खडकाकडे पळू लागले, तर मात्र बाहेर या.

१७. सर्फ करायचं नाही, नुसतं बघायचं आहे. ड्रोन नेऊ का?

बघायला जरूर जा, बहुतेकांनी तेवढंच करावं. वाटेवरून कडे आणि समुद्र दोन्ही दिसतात, केप राऊलचे डोलेराइटचे खांब तर लाट नसतानाही बघण्याजोगे आहेत. मोठ्या दिवशी मात्र खालच्या खडकावर उतरू नका. वीस मिनिटं कोरडा असलेला दगड एका सेटमध्ये (ओळीने येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटात) धुतला जातो, आणि वर चढायला तितका वेळ मिळत नाही. बूट घट्ट पकडीचे, पाणी आणि टॉर्च सोबत. उबदार दिवसांत वाटेवर साप असू शकतात आणि टास्मानियातले तिन्ही जातींचे साप विषारी आहेत. दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या.

ड्रोन नको. टास्मानियाच्या नॅशनल पार्कमध्ये तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

१८. स्थानिक लोक बाहेरच्यांना येऊ देतात का?

लाट कोणाच्या मालकीची नाही. पण तुमचा अपघात झाला तर उचलायला तेच येणार, तेव्हा त्यांना तुमच्यात रस असणं साहजिक आहे. आदल्या दिवशी ओळख काढा, तुमच्या स्की किती, प्रथमोपचार कोणाला येतात ते सांगा. पहिला दिवस चॅनलमध्ये, म्हणजे लाट फुटत नाही त्या बाजूच्या खोल पाण्यात बसून बघा, कोणाचा बोर्ड वाहून गेला तर आणून द्या. तिथे कोण किती गाजलेलं आहे याला फार किंमत नसते, पण दुसऱ्याचा बोर्ड परत आणणारा माणूस लक्षात राहतो.

१९. थंड पाण्यात सर्फ करून कानात हाड वाढतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा लागून कानाच्या नळीत हाडाची वाढ होते, नळी अरुंद होते, पाणी अडकतं, कान वारंवार पिकतो. वाढ फार झाली तर शस्त्रक्रिया करावी लागते. कानात प्लग घाला आणि वर हूड. प्लगमुळे ऐकू कमी येतं ही तक्रार रास्त आहे, कारण इथे चालकाची हाक ऐकू येणं गरजेचं असतं. आवाज जाऊ देणारे प्लग मिळतात, ते घ्या. आणि हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवा, कारण स्कीचं इंजिन चालू असताना प्लग नसले तरी काही ऐकू येत नाही.